रुसलेल्या देवांची गंमत

घरात चकल्यांचा घाणा चालू होता आणि आमचे चिरंजीव टीव्हीपुढे बसून खदखदून हसत होते. डोकावून पाहिलं, तो पडद्यावर ट्रॅकसूट घातलेले एक गृहस्थ! कपाळावर सुरकुती उमटली म्हणून त्यांचं धाबं दणाणलं होतं. हे कोण, तर ग्रीकांचे देवाधिदेव झ्यूस! मालिका ‘केऑस’, नेटफ्लिक्सवर २०२४ साली आलेली.

“त्या देवांना आता पुजतंय कोण?” आम्ही पांडित्य पाजळलं. “श्रद्धा संपली की देवाचा विदूषक व्हायला वेळ लागत नाही!”

तेवढ्यात झाऱ्यासकट आई बाहेर आली. “म्हणजे टेंबलाईवरची श्रद्धा संपली म्हणायची?”

आम्ही गप्प! कोल्हापुरात जन्म काढून आम्ही हे विसरलो होतो. कामाक्ष दैत्यानं देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या, ही आमच्याच गावची कथा. त्र्यंबोलीनं, म्हणजे आमच्या टेंबलाईनं, त्यांना सोडवलं. आणि विजयाच्या सोहळ्याला बोलवायचं मात्र तिलाच राहिलं! घरच्या लग्नात एखाद्या मावशीचं आमंत्रण राहावं, तशातली गत. बाई रुसल्या आणि करवीराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसल्या. अखेर अंबाबाई स्वतः समजूत घालायला गेली.

अंबाबाईचं तरी काय? भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णूनं उलट त्याचेच पाय चेपले, म्हणून लक्ष्मी रागावून कोल्हापूरला आली, असं लोक सांगतात. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, तेव्हा “बायकोची समजूत काढताहेत!” असं म्हणत बायका हसतात, आणि लगेच हातही जोडतात.

मग ग्रीकांचं आठवलं. इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये अॅरिस्टोफेनिसनं ‘बेडूक’ नाटकात डायोनिसस देवाला भित्रा, कपडे बदलून पळवाटा शोधणारा आणि वर फटके खाणारा दाखवला. कुठं? त्याच देवाच्या उत्सवात! शिक्षा तर सोडाच, नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे तेही पुजता पुजता हसत होते.

आमचं पांडित्य तिथंच विरघळलं. देवाला हसणं म्हणजे श्रद्धा आटणं, असं नाही. घरातल्या माणसाचा रुसवा आपण हसत सांगतो. पण तोच परक्यानं हिणवून सांगितला की मस्तक फिरतं. हल्ली देवांवरचा विनोद म्हटला की लोक हमरीतुमरीवर येतात. तेव्हा आधी एवढंच पाहावं: हसणारा त्या देवाची टेकडी चढतो का?

“पुढचा भाग कधी रे?” आईनं नातवाला विचारलं.

“नाही गं आजी, एका हंगामातच मालिका बंद केली त्यांनी.”

“बघ!” आई चकली तळणीत सोडत म्हणाली, “आमच्या टेंबलाईचा रुसवा दर ललितापंचमीला पालखी नेऊन काढावा लागतो. अजून संपलेला नाही!”