आधी दाणा, मग कोंबडी

कोंबडी आधी की अंडं, या जुन्या वादात पुरातत्त्वज्ञांनी आता तिसराच उमेदवार उभा केला आहे: भाताचा दाणा.

कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा मुळात बुजरा. बांबूच्या बनात पालापाचोळा उकरून किडे नि बी टिपायचं, चाहूल लागली की झुडपात शिरायचं, रात्री फांदीवर बसायचं. वजन जेमतेम किलोभर, आणि मादी एका वेळी घालणार पाच-सहा अंडी. मांसाचा किंवा अंड्यांचा हिशेब करून असा पक्षी कुणी पाळायला घेतला असेल, हे पटत नाही.

पूर्वी पहिल्या पाळीव कोंबडीचा मान मोहेंजोदडोला दिला जाई. २०२२ मध्ये योरिस पीटर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरची जुनी हाडं नव्याने तपासली, तेव्हा तो मान मध्य थायलंडमधल्या बान नोन वाटकडे गेला. काळ इसवी सनपूर्व १६५० ते १२५०. तिथे पिल्लं-तलंगांची हाडं भरपूर आहेत आणि काही कोंबड्या माणसांच्या दफनांत ठेवलेल्या आहेत. पावसावरचं भात आणि राळ्यासारखी भरडधान्यं तिथे पिकू लागली तीही याच सुमाराला. रान साफ करून केलेली शेतं, मळणीत सांडलेला दाणा, उकिरड्यातले किडे यांवर पाखरं सोकावली. माणसाने धरून आणण्याआधी ती आपल्या पायांनी आली होती.

जनुकांची साक्षही याच टापूकडे बोट दाखवते. २०२० मध्ये ८६३ रानटी आणि पाळीव पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना झाली. पाळीव कोंबडीचं मूळ नैर्ऋत्य चीन, म्यानमार आणि उत्तर थायलंडमधल्या तांबड्या रानकोंबड्याच्या स्पाडिसियस या उपजातीत निघालं.

कोंबडी युरोपात पोचली ती इसवी सनपूर्व ८००च्या आसपास, आणि तिथेही लगेच हंडीत गेली नाही. ब्रिटनचे लोक कोंबडी खाणं निषिद्ध मानतात, केवळ हौसेखातर पाळतात, अशी नोंद ज्युलियस सीझरने केली आहे. इस्राएलमधल्या मारेशा इथे मात्र त्याच्याही आधी, इसवी सनपूर्व चौथ्या ते दुसऱ्या शतकांत, हजारावर हाडं साठली होती. त्यांत माद्या जास्त आणि हाडांवर सुरीच्या खुणा, म्हणजे झुंजीपेक्षा जेवणाचाच पुरावा.

डार्विनने सगळ्या कोंबड्यांचं मूळ एकट्या तांबड्या रानकोंबड्यात मानलं होतं. २००८ च्या एका संशोधनाने त्यात आपल्या सह्याद्रीचा वाटा दाखवला. कोंबडीचे पिवळे पाय पाहा. खाण्यातली पिवळी रंगद्रव्यं फोडणारं बीसीडीओ-२ हे जनुक तिच्या कातडीत मंद पडलेलं असतं, म्हणून मक्याचा, पाल्याचा रंग तिथे साचतो. जनुकाचं हे रूप आलं करड्या रानकोंबड्याकडून, गळ्यावरच्या पिसांत मेणासारखे पिवळट ठिपके मिरवणाऱ्या, पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या पक्ष्याकडून. तो स्वतः कधी माणसाळला नाही; कुठेतरी गावकोंबडीशी संकर झाला आणि रंग पुढे गेला.

संकराची ही वाट आता उलटीही चालते. जंगलालगतच्या पाळीव कोंबड्यांचं रक्त तांबड्या रानकोंबड्यांत मिसळतं आहे आणि निर्भेळ रानवाण विरळ होत चाललं आहे. कोंबड्यांवर नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारी जनुकं याच रानवाणात शोधावी लागतील. म्हणून रानकोंबडा वाचवायचा तर नुसती शिकार थांबवून भागणार नाही. गाव आणि रान यांतलं अंतरही राखावं लागेल.