हातांची निगा (भाग ४) : आखडलेली बोटं

“दिवसभर हातच तर चालतात, मग वेगळा व्यायाम कशाला?” चांदवडच्या शिवारात बोटं धरल्याची तक्रार करणाऱ्या बायकांना व्यायाम सुचवला, की हा प्रश्न ठरलेलाच. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्यापासूनच सुरुवात करू.

पौष-माघाच्या गारठ्यात ओल्या वाफ्यात कांद्याचं रोप लावताना अंगठा आणि दोन बोटं सतत चिखल दाबत असतात. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला, की पात कापणाऱ्या बाईची एक मूठ विळ्यावर आवळलेली, दुसरी कांद्यावर. तासन्‌तास बोटं अर्धवट वाकलेली. ती पुरती उघडत नाहीत आणि पुरती मिटतही नाहीत. सांधा मोकळा राहायला तो अधूनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरावा लागतो. कामात श्रम भरपूर होतात, पण हे फिरणं होत नाही.

बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. तिथून निघालेले चिवट स्नायुबंध तळहातातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात, विहिरीच्या चाकावरून दोर सरकावा तसे. त्यांच्या वाटेला सूज आली की बोट आखडतं. कधी ते वाकल्यावर अडकतं आणि ‘टक्’ करून सुटतं.

आपल्या भागात याला चिकुनगुन्याचीही जोड मिळाली. १९७३ मध्ये बार्शीत साथ येऊन गेली, त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार देशात जवळजवळ विस्मरणात गेला होता. २००६ च्या सुरुवातीला आपल्याच महामार्गावरच्या मालेगावात त्याचे रुग्ण दिसू लागले. या आजारात ताप आठवडाभरात उतरतो, पण कित्येकांची मूठ पुढे महिनोन्‌महिने वळत नाही.

आता कृती. सकाळी हात सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाचेक मिनिटं बुडवा. मधुमेहामुळे बोटांना बधिरता असेल, तर पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या कुणाला पाहू द्या. मग बोटं सरळ उभी करा. तळहाताजवळचे सांधे सरळच ठेवून फक्त वरचे दोन वाकवा, आकडा होईल. पुन्हा सरळ. मग पूर्ण मूठ, अलगद, न आवळता. पुन्हा सरळ. मग बोटं ताठ ठेवून फक्त तळहाताजवळ काटकोनात वाकवा. प्रत्येक स्थितीत दोन-तीन श्वास थांबा आणि हा सगळा क्रम पाच वेळा करा. शेवटी अंगठ्याने एकेका बोटाचं टोक शिवा आणि करंगळीच्या बुडापर्यंत जाता येतं का पाहा.

दुसऱ्या हाताने बोट ओढून सरळ करू नका, कुणाकडून रगडूनही घेऊ नका. सुजलेला सांधा जबरदस्तीने आणखी सुजतो. व्यायामात ताण जाणवायला हरकत नाही. दुखणं दोन तासांनंतरही टिकलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा.

एवढ्याशा हालचालीने काय होणार, असं वाटणाऱ्यांसाठी एक दाखला. ब्रिटनमध्ये संधिवाताच्या ४९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हातांचे ठरावीक व्यायाम शिकवलेल्या रुग्णांचे हात वर्षभरानंतर इतरांपेक्षा चांगले चालत होते. औषधं त्यांनी सोडली नव्हती, हे महत्त्वाचं.

आखडलेपण रोज सकाळी तासाभराहून जास्त राहत असेल, दोन्ही हातांचे सांधे सुजून गरम लागत असतील किंवा रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर घरच्या उपायांवर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

सकाळी चुलीपुढे सवड मिळत नाही, हे मला मान्य आहे. कोमट पाणी राहिलं तरी चालेल. शेतावर नेणाऱ्या पिकअपमध्ये मांडीवर हात ठेवून हा क्रम होतो, आणि पहिला विळा हातात घेण्याआधी होतो. दुपारच्या भाकरीनंतर एकदा पुन्हा करा. मूठ विनासायास वळायला लागली की पकडीच्या ताकदीचे व्यायाम सुरू करता येतील. ते पुढच्या आठवड्यात.