वाडी गेली, माणूस नाही

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूडकडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. ‘वाडी गेली, मी संपलो’ हा विचार माणसाला खचवतो. ‘नुकसान मोठं आहे, पोफळ धरायला वर्षं लागतील, तोवर दुसरं काही बघू’ यातही दुःख आहेच, पण हातपाय चालतात. भावना घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या समजुतीतून उपजते, हे अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या उपचारपद्धतीचे सूत्र. (अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी जरूर वाचावी.) टोकाच्या विचाराला पुरावा विचारा, ‘असंच व्हायला हवं’चा हट्ट ‘झालं तर बरं’वर आणा. भरपाई मात्र हट्टानेच मागावी! मन सावरेना, तर ‘टेलिमानस’ची मोफत हेल्पलाइन : १४४१६.