मेनफ्रेम व व्यक्तिगत संगणक यांतील फाइल-हस्तांतरण

व्यक्तिगत संगणक (पीसी) व मेनफ्रेम यांच्यामध्ये टर्मिनल सॉफ्टवेअरच्या साहाय्याने होणाऱ्या फायलींच्या देवाणघेवाणीस फाइल-हस्तांतरण असे म्हणतात. हे सॉफ्टवेअर पीसीला मेनफ्रेमच्या टर्मिनलसारखे, म्हणजे दूरस्थ पडदा व कळफलक असल्यासारखे वागावयास लावते आणि त्याच जोडणीतून फाइल पाठवते वा मागवते. फाइल पोहोचणे आणि तिच्यातील मजकुराचा अर्थ टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने हस्तांतरणाचा प्रकार अचूक निवडणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

आयबीएमची ३२७० ही टर्मिनल मालिका १९७१ मध्ये आली. पीसीचा प्रसार झाल्यावर या टर्मिनलचे कार्य सॉफ्टवेअर करू लागले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये कर्मिट ही हस्तांतरण-पद्धती तयार झाली. मोठ्या संगणकावरील आपले काम विद्यार्थ्यांना फ्लॉपीवर जतन करता यावे, हा तिचा एक हेतू होता.

कार्यपद्धती

कर्मिटमध्ये फाइलचे लहान भाग केले जातात. प्रत्येक भागासोबत पडताळणीचा अंक जातो. तो न जुळल्यास तेवढाच भाग पुन्हा पाठवला जातो. सेकंदाला ९६०० बिट वेगाच्या क्रमिक जोडणीवर एका अक्षरास १० बिट लागल्यास सेकंदाला ९६० अक्षरे जातात. त्यामुळे ३६० किलोबाइटची फ्लॉपी रिती होण्यास किमान सुमारे साडेसहा मिनिटे लागतात.

संकेतभेद

पीसीवर अक्षरांसाठी आस्की, तर आयबीएम मेनफ्रेमवर एबसिडिक हे संकेत वापरतात. ‘१’ या अंकचिन्हाचा संकेत पहिल्यात ४९, तर दुसऱ्यात २४१ आहे. म्हणून साध्या मजकुराची फाइल ‘मजकूर’ प्रकाराने, म्हणजे संकेत बदलून पाठवतात. मात्र संकुचित दशमान पद्धतीने साठवलेल्या रकमा अक्षरे नसतात. या पद्धतीत ‘अधिक ५’ ही संख्या षोडशमानात ‘५सी’ अशी लिहितात. मजकूर प्रकारात तो बाइट तारांकन समजला जाऊन ‘२ए’ होतो आणि ५ रुपयांचे २ रुपये होतात! संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. अशा फायली ‘द्विमान’ प्रकारानेच, म्हणजे बाइट न बदलता पाठवाव्या लागतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकात निकनेट हे उपग्रहाधारित जाळे उभारले. त्याच्या मोठ्या संगणकांपैकी एक पुण्यात होता, तर जिल्ह्यांच्या ठिकाणी पीसी होते. अमरावती व अकोला येथेही या संस्थेची जिल्हा केंद्रे आहेत.

देवनागरीसाठी १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरी अक्षरे १२७ च्या पुढील संकेतांवर आहेत. आस्की-एबसिडिक तक्त्याला ती ठाऊक नसल्याने मजकूर प्रकारात ‘वऱ्हाड’ हा शब्दसुद्धा निरर्थक चिन्हांत बदलू शकतो. शेतकऱ्याचे नाव वा गावाचे नाव असलेल्या नोंदीत ही बाब गंभीर ठरते.

पडताळणी

पाठवलेली फाइल परत मागवून जुळवणे पुरेसे नसते. जाताना झालेला बदल येताना उलटून चूक झाकली जाऊ शकते. म्हणून दोन्ही टोकांना नोंदींची संख्या, रकमांची बेरीज व काही नावे स्वतंत्रपणे ताडून पाहतात. आज नव्या हस्तांतरण-पद्धती प्रचलित असल्या, तरी मजकूर की द्विमान हा प्रश्न मेनफ्रेमच्या संदर्भात कायम आहे.