‘सर, जरा थांबा’

मी कविता लिहिणारा माणूस. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आला तो पेशंट किंवा पेशंटचा नातलग म्हणून. तरीही आज डॉक्टर-नर्सच्या शिक्षणावर बोलणार आहे, कारण त्यातला एक धडा शब्दांचा आहे. कोणी, कोणाला, केव्हा आणि किती स्पष्ट बोलायचं, याचा.

आपल्या दवाखान्यातली संबोधनं आठवून पाहा. डॉक्टर म्हणजे ‘सर’ किंवा ‘मॅडम’, नर्स म्हणजे ‘सिस्टर’, वॉर्डबॉय ‘मामा’ आणि आया ‘मावशी’. सगळं घरच्यासारखं. पण घरासारखीच इथे उतरंडही असते. धाकट्याने थोरल्याला अडवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पेशंटच्या उशाशी हाच शिष्टाचार जिवावर बेतू शकतो.

ही गोष्ट आधी विमानवाल्यांना कळली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर, धुक्यात, दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली. ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना, अशी शंका एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकली. पुढे विमानातल्या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला शिकवणारी प्रशिक्षणं सुरू झाली. १९९० च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी हा धडा ऑपरेशन थिएटरच्या शिक्षणात आणला. त्यासाठी पेशंट म्हणून टेबलावर बाहुली होती.

बाहुली तशी जुनीच. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने १९६० मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ती घडवली. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी चांगल्या माणसाला पेशंटचं सोंग घ्यायला शिकवलं आणि त्याच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. आजची बाहुली श्वास घेते, तिची नाडी हाताला लागते. काचेपलीकडचे शिक्षक बटण दाबतात आणि पडद्यावरचा रक्तदाब घसरू लागतो.

मग खोलीत धांदल उडते. ‘अरे, कोणीतरी इंजेक्शन द्या!’ असं ओरडलं, तर ‘कोणीतरी’ नावाचा माणूस खोलीत नसतोच. म्हणून शिकवतात, नाव घेऊन सांगा. ‘सुनीता, अ‍ॅड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम.’ ती तेच शब्द परत म्हणते, औषध देते आणि ‘दिलं’ असं सांगते. ऐकणाऱ्याने उच्चारल्याशिवाय निरोप पोचला असं मानायचं नाही.

अवघड भाग पुढचा. ज्येष्ठाचं काही चुकतंय असं वाटलं तर? अमेरिकेत २००६ पासून चालू असलेल्या ‘टीमस्टेप्स’ या प्रशिक्षणात त्यासाठी चढत्या पायऱ्या आहेत. मला काळजी वाटते. मला हे ठीक वाटत नाही. इथे पेशंटला धोका आहे. पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही तर पुन्हा बोलायचं. माझी भाची नर्स आहे. ती म्हणते, ‘मामू, औषधांचे डोस लवकर पाठ झाले. सरांना दुसऱ्यांदा विचारायला मात्र वेळ लागला.’

सराव संपला की सगळे गोल बसतात. कोणी काय पाहिलं, कोण का गप्प राहिलं, हे शांतपणे बोलतात. जाणकार सांगतात, खरं शिक्षण इथेच होतं. कोणाला दोष द्यायचा नसतो, आणि बाहुली दगावली तरी कोणाचं घर उघडं पडत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवादकौशल्याला जागा मिळाली, कॉलेजांना कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक झाल्या. पण डॉक्टर एका इमारतीत आणि नर्स दुसऱ्या इमारतीत शिकणार असतील, तर बाहुली कितीही महागडी आणा, ती अर्धंच शिकवील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच सांगितलं आहे, की या मुलांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं.

‘सर, जरा थांबा.’ तीनच शब्द. ते उच्चारायला धाकट्याला धीर लागतो आणि ऐकून खरोखर थांबायला थोरल्याला मोठं मन लागतं. या दोन्हींचा सराव एकाच खाटेभोवती व्हावा. कारण उद्या त्या खाटेवर तुमच्या-माझ्यापैकी कोणीतरी असणार आहे.