प्रवाहाला आडवा झुलणारा स्तंभ

नेदरलँड्समधील वागेनिंगेन हे गाव कृषिविद्यापीठाकरिता ख्यातनाम. समुद्राचा तेथे मागमूसही नाही, आणि तरीही 1932 सालापासून ज्या हौदांत जहाजांच्या प्रतिकृती ओढून त्यांची परीक्षा घेतली जाते, ते हौद ‘मारिन’ या संस्थेने ऱ्हाइनकाठच्या या गावातच बांधले. त्यांतील एक सुमारे 45 मीटर लांब, 36 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल असून त्याचा तळ हवा तसा वरखाली करता येतो, व वारा, लाटा आणि प्रवाह या तिघांचाही अंमल तेथे एकाच वेळी बसविता येतो.

या तिघांत प्रवाहाचे प्रकरण सर्वांत चिवट. मेक्सिकोच्या आखातात बसविलेला ‘जेनेसिस’ हा सुमारे 37 मीटर व्यासाचा, पाण्यात उभा तरंगणारा पोलादी स्तंभ घ्या. प्रवाह त्याला वळसा घालताना डाव्या-उजव्या अंगाने आळीपाळीने भोवरे सोडतो, आणि स्ट्रॉहालने 1878 साली मांडलेल्या गणिताप्रमाणे, प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर असल्यास या भोवऱ्यांचे एक आवर्तन सुमारे तीन मिनिटांत पुरे होते. नांगरदोरांनी जखडलेल्या स्तंभाचा स्वाभाविक दोलनकाल त्याच्या जवळपास आला, की ते अजस्र धूड प्रवाहाला आडवे झुलू लागते. वर काम करणाऱ्याच्या पेल्यातील चहा हिंदकळत नाही, पण खालचे साखळदंड शिणत जातात. यावर तोडगा म्हणून स्तंभाला मळसूत्री पट्ट्या बसवितात. ही तजवीज मूळची स्क्रूटनने उंच धुराड्यांसाठी शोधलेली.

हौदातील अडचण अशी, की प्रतिकृती पन्नासपट लहान केली, तर फ्रूडच्या दंडकाप्रमाणे वेग सातपट कमी करावा लागतो, आणि मग जडत्वाच्या मानाने पाण्याचा चिकटपणा साडेतीनशेपट भारी ठरतो. गुळगुळीत स्तंभावर भोवरा कोठे सुटावा हेच त्यामुळे बदलते. पट्ट्यांची धार असली म्हणजे तो बहुधा धारेवरच सुटतो, एवढाच दिलासा. म्हणून स्तंभाच्या अंगावरचे नळ, साखळ्या, गंजरोधक धातूचे ठोकळे हे सर्व बारकाईने प्रतिकृतीवर चिकटवावे लागते. किरकोळ म्हणून एखादा नळ वगळला, तर आडवे झुलणे निराळेच निघते.

संगणकाला आकार लहान करण्याची गरज नाही, ही त्याची मोठी मिरास. परंतु पाण्याचे लक्षावधी कप्पे, स्तंभाबरोबर सरकणारी जाळी आणि खळबळीविषयीची गृहीतके यांवर त्याचा सारा कारभार चालतो, व झुलण्याची सरासरी भरवशाची व्हावी म्हणून तीन-तीन मिनिटांची कित्येक आवर्तने त्याला चालवावी लागतात. त्यामुळे जाणकार प्रथम हौदातील लहान स्तंभाचेच गणित त्याच्याकडून करवून घेतात, ते मोजमापाशी ताडून पाहतात, आणि मगच खऱ्या आकाराकडे वळतात. ही सावधगिरी मला रास्त वाटते. कारण चार खांबांच्या अर्धबुडीत तरंगत्या मंचांची समुद्रातील प्रत्यक्ष मोजमापे हौदातल्या आकड्यांहून बरीच कमी भरली आहेत, आणि त्याचा दोष पाण्याच्या चिकटपणाकडे किती, नांगरदोरांच्या रोधाकडे किती व प्रवाहाच्या लहरीपणाकडे किती, याची वाटणी अजून चालूच आहे.