जागा हीच विभक्ती

वाक्यात कोणी काय केले आणि ते कोणावर ओढवले, हे सांगण्याचे काम मराठीत शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्यय करतात, तर इंग्रजीत तेच काम शब्दाला वाक्यात मिळालेली जागा करते. ‘वाघाने शेळीला मारले’ आणि ‘शेळीला वाघाने मारले’ या दोन्ही वाक्यांत मरते ती शेळीच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे विभक्तिप्रत्यय, म्हणजे नामाचा क्रियापदाशी असलेला संबंध दाखवणारे प्रत्यय, शब्द कोठेही नेला तरी त्याला चिकटूनच जातात. ‘द टायगर किल्ड द गोट’ या वाक्यात मात्र दोन्ही नामे प्रत्ययाविना उभी आहेत आणि त्यांची अदलाबदल होताच शेळी वाघाला मारते. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची, म्हणजे क्रिया करणाऱ्याची, आणि नंतरची जागा कर्माची, म्हणजे क्रिया ज्याच्यावर घडते त्याची. इंग्रजी वाक्यरचनेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, जुनी इंग्रजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेत दगडाला ‘स्तान’ म्हणत आणि विभक्ती व वचन यांनुसार त्याची स्तान, स्तानेस, स्ताने, स्तानास, स्ताना, स्तानुम अशी सहा वेगवेगळी रूपे होत. आजच्या इंग्रजीत कानाला ‘स्टोन’ आणि ‘स्टोन्स’ एवढी दोनच ऐकू येतात. शब्दाच्या आरंभी आघात देण्याच्या सवयीमुळे शेवटची अक्षरे पुसट होत गेली. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांची भाषा धातूंच्या बाबतीत जवळची पण प्रत्ययांत वेगळी असल्याने, त्यांच्याशी व्यवहार करताना प्रत्ययांची झीज वाढली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर दरबारात फ्रेंच आल्यामुळे इंग्रजीच्या जुन्या लेखनपरंपरेचा धाकही उरला नाही. प्रत्यय गेले तसा शब्दक्रम पक्का होत गेला.

या स्थित्यंतराची मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी खूण शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणाऱ्या ‘मीथिंक्स’ या रूपात आहे. त्यातील ‘मी’ हा मराठीतील ‘मी’ नसून ‘मला’ या अर्थाचा आहे, आणि ‘थिंक्स’ हे ‘विचार करणे’ या अर्थाच्या धातूपासून न येता ‘वाटणे’ या अर्थाच्या दुसऱ्या जुन्या धातूपासून आलेले आहे. म्हणजे संपूर्ण शब्दाचा अर्थ शब्दशः ‘मला वाटते’ असाच होतो. ‘लाइक’ या क्रियापदाचीही गोष्ट अशीच आहे. त्याचा मूळ अर्थ ‘आवडणे, रुचणे’ असा होता आणि ‘राणीला मध आवडे’ या धाटणीच्या वाक्यात राणी चतुर्थीत असे. पण ‘ला’च्या जोडीचा प्रत्यय झडल्यावर ‘राणी’ आणि ‘राणीला’ ही रूपे सारखी झाली, क्रियापदापूर्वीची जागा तर कर्त्याची ठरलेली, त्यामुळे राणी कर्ता झाली आणि क्रियापदाचा अर्थच ‘आवडून घेणे’ असा फिरला. मराठी विद्यार्थ्याला ‘मला भूक लागली’, ‘मला आठवते’, ‘मला थंडी वाजते’ या वाक्यांतील ‘मला’चे इंग्रजीत ‘आय’ का करावे लागते, याचे उत्तर या इतिहासात आहे, आणि ते सांगितले जात नाही ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

कर्त्याची जागा इतकी महत्त्वाची ठरल्यावर ती रिकामी ठेवणे इंग्रजीला परवडत नाही. मराठीत ‘येतोस?’ एवढे म्हटले तरी कर्ता कोण ते क्रियापदाच्या रूपावरून कळते. इंग्रजी क्रियापदाचे रूप एवढी माहिती देत नाही, म्हणून कर्ता उच्चारावा लागतो, आणि खरा कर्ता नसेल तेथे ‘इट इज रेनिंग’मधील ‘इट’सारखा अर्थशून्य शब्द त्या जागी बसवावा लागतो. मराठीत पाऊस पडतो. इंग्रजीत ‘ते’ पडत असते, आणि ते म्हणजे काय असे विचारण्यात अर्थ नसतो. प्रश्नही जागा बदलूनच होतो. मराठी वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडते, इंग्रजी सहायक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाला काळ दाखवण्यास मदत करणारे क्रियापद, कर्त्याच्या पुढे आणते. सहायक नसेल तर ‘डू’ उसना घेतला जातो. शेक्सपिअरच्या काळी ‘नो यू’ आणि ‘डू यू नो’ ही दोन्ही वळणे चालत असत.

क्रियापद मध्ये की शेवटी, यावर इतरही मांडणी बरीचशी अवलंबून असते. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तीस भाषांची तुलना करून दाखवले की, क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत संबंधदर्शक शब्द सहसा नामानंतर येतात. मराठीतील ‘टेबलावर’ आणि इंग्रजीतील ‘ऑन द टेबल’ ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत, ती याच कारणाने.

इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर यांनी १५८६ मध्ये लिहिले, तेही लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर. आणि प्रत्ययप्रधान लॅटिनचा हा साचा पुढे दीर्घकाळ टिकला. शब्दांच्या आठ जाती पाठ करवणे हे त्याच परंपरेचे उरलेले अंग आहे. त्याऐवजी पहिल्याच धड्यात वाघ आणि शेळी यांच्या जागा बदलून दाखवणे अधिक उपयोगी ठरेल, कारण भाषेचा कणा तेथे आहे.

जुन्या विभक्तीचे अवशेष आज मुख्यतः सर्वनामांत उरले आहेत: ‘ही’ आणि ‘हिम’, ‘हू’ आणि ‘हूम’. त्यांतील ‘हूम’ वाक्याच्या आरंभी येतो, ती जागा इंग्रजी कानाला कर्त्याची वाटते, आणि म्हणून बोलताना बहुतेक जण कर्म असूनही ‘हू’च म्हणतात. एडवर्ड सपीर यांनी १९२१ मध्ये ‘लँग्वेज’ या ग्रंथात ‘हूम’ कालांतराने नाहीसा होईल, असे भाकीत केले होते. लेखनात तो अजून तग धरून आहे.